लिटरला एक झाकण

अवजारांच्या गठ्ठ्यावरची चिकटपट्टी वाफेत जाण्याआधी फिकट पिवळसर असते. यंत्रातून बाहेर येते तेव्हा तिच्यावर तिरप्या काळ्या रेघा उमटलेल्या असतात. रेघा तपकिरी राहिल्या तर गठ्ठा परत आत जातो. नवीन मुलींना वाटतं, रेघ काळी म्हणजे आतलं सगळं निर्जंतुक. तसं नसतं. पट्टी एवढंच सांगते, की तिला स्वतःला उष्णता लागली. आत घडी घातलेल्या कापडापर्यंत वाफ पोचली की नाही, हे तिला ठाऊक नसतं.

हा फरक समजावून सांगण्यात वाफवालीची सत्तावीस वर्षं गेली होती. इस्पितळातली सगळी अवजारं तिच्या खोलीतून जात. एका दारानं रक्ताळलेली येत, ब्रशनं घासली जात, औषधाच्या पाण्यात बुडत, वाळत, हिरव्या कापडात बांधली जात आणि वाफ खाऊन पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडत.

"वाफवाली, माझ्या कात्र्या झाल्या का?" खिडकीतून प्रसूतिगृहाच्या सिस्टरांनी विचारलं.

"दहा मिनिटं. गठ्ठा ओला निघाला, परत लावलाय."

"ओला म्हणजे किती? असेल एखादा थेंब."

"जंतूंना पोहायला तेवढा पुरतो."

सिस्टर हसल्या. "तुमचं काही खरं नाही. नवऱ्यालाही वाफेत घालून काढाल तुम्ही."

"घातला असता. दारात मावला नाही."

सिस्टर गेल्या नाहीत. खिडकीच्या कडेवर कोपर टेकून त्यांनी आवाज खाली आणला. "तुमची लेक खाली बसलीये. बायकांच्या ओपीडीत. आईला सांगू नका म्हणाली, म्हणून सांगायला आले."

वाफवालीनं हातमोजे काढले. हात धुतले, नेहमीसारखे कोपरापर्यंत, आणि मग नळ चालूच ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

लेकीच्या जन्मानंतर काही महिन्यांनी नवरा एकदा म्हणाला होता, "वास येतो गं." एकदाच म्हणाला आणि विसरूनही गेला. ती विसरली नाही. दुसऱ्या कुणी बाईनं शेजारणीला विचारलं असतं. तिला विचारायची गरज वाटली नाही, कारण तिच्या कामाचं सगळं शास्त्र एका ओळीत मावत होतं: जे मळतं ते धुवायचं, धुतलेलं औषधात बुडवायचं. अवजारांच्या पाण्यात लिटरला दोन झाकणं औषध पडत असे. शरीर म्हणजे काही स्टील नव्हे, असा विचार करून तिनं स्वतःपुरतं ते निम्म्यावर आणलं. लिटरला एक झाकण. औषधांच्या दुकानातून रबरी पिचकारी आणली. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. या निम्म्या मापाचा तिला मनातून थोडा अभिमानच होता.

लेक सहा वर्षांची असताना दुसऱ्यांदा दिवस राहिले, ते गर्भाशयात नाही, नळीत. नळी फुटली. तिच्याच खोलीत बांधलेल्या गठ्ठ्यातल्या अवजारांनी तिचं पोट उघडलं आणि नळी काढली. घरी परतल्यावर नणंद म्हणाली, नशिबात एकच होतं. सगळ्यांनी मान डोलावली. तिनंही डोलावली. त्यानंतर मूल राहिलं नाही, आणि नशिबाचं ते झाकण कुणी उचलून पाहिलं नाही.

लेकीच्या लग्नाच्या आठ दिवस आधी तिनं तिला न्हाणीघरात नेऊन बाटली आणि पिचकारी दाखवली होती. "लिटरला एक. जास्त नको. आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नसते."

मग दोन वर्षांपूर्वी इस्पितळात संसर्गाविषयीचं एक प्रशिक्षण झालं. बोलणारी डॉक्टर किडकिडीत होती, आवाज मात्र खणखणीत. शेवटी तिनं पुरुषांना चहाला पिटाळलं आणि म्हणाली, "आता एक कामाबाहेरचं सांगते. योनीमार्ग आतून धुवायचा नसतो. पाण्यानं नाही, औषधानं तर नाहीच. तिथे आपले म्हणावेत असे जंतू राहतात. ते आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लामुळे बाकीच्यांना तिथे ठाण मांडता येत नाही. तुम्ही त्यांना धुऊन काढलंत, की घर रिकामं. मग कुणीही येऊन राहतं. वर पिचकारीचा जोर त्या नव्या पाहुण्यांना गर्भाशयाकडे, नळ्यांकडे ढकलतो. बाहेरून साधं पाणी, बस. नेहमीपेक्षा वेगळा वास आला तर डॉक्टरकडे जा, न्हाणीघरात नको."

बायका एकमेकींकडे बघून तोंड दाबून हसल्या. वाफवाली तिसऱ्या रांगेत ताठ बसून होती. जन्मभर तिनं जंतू मारले होते. काही जिवंत ठेवायचे असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिनं स्वतःची पिचकारी कचऱ्यात टाकली. लेकीला मात्र सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आपली नळी कशानं गेली असावी, तेही सांगावं लागलं असतं. या रविवारी सांगू, असं ती ठरवायची. रविवारी जावई घरात असायचा. फोनवर असलं बोलता येत नाही, असं म्हणायची. भेट झाली की पोरीचा चेहरा आनंदी दिसायचा. आज सांगते, उद्या सांगते करता करता दोन वर्षं निघून गेली.

तिनं नळ बंद केला आणि जिना उतरली.

लेक बाकाच्या टोकाला बसली होती. पर्स पोटाशी दाबून धरलेली, ओठ कोरडे पडलेले.

"तुला कुणी सांगितलं?"

"सत्तावीस वर्षं आहे मी इथे. मला भिंती सांगतात." तिनं लेकीच्या कपाळाला हात लावला. "केवढी तापलीयेस! कधीपासून?"

"तीन दिवस झाले. ओटीपोटात दुखतंय. घरी म्हटलं, आईकडे जाऊन येते." लेक जवळ सरकली, आजूबाजूला बघून कुजबुजली, "आई, वास येतो गं. आता रोज धुते, दोनदा. तरी जात नाही. एका झाकणानं काही होईना, म्हणून दोन टाकते. आग होते खूप. म्हटलं झोंबतंय म्हणजे काम करतंय."

वाफवालीनं तोंड उघडलं. तेवढ्यात आतून नंबर पुकारला गेला, आणि तिला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, हे तिच्या लक्षातही आलं.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यामागे लेकीला तपासलं. तपासताना लेक एकदा मोठ्यानं कळवळली. मग बाई हात धुऊन खुर्चीत येऊन बसल्या.

"नळ्यांना सूज असावी. आत संसर्ग पसरलाय. आजच दाखल व्हा, इंजेक्शनं सुरू करू, सोनोग्राफी करू. तुमच्या मिस्टरांनाही औषध घ्यावं लागेल बहुतेक, ते तपासणीचा रिपोर्ट आला की सांगते." त्यांनी कागदावरून मान वर केली. "आतून धुता का काही? पिचकारी, औषधी पाणी?"

"नाही मॅडम," लेक म्हणाली. पापणीही लवली नाही.

वाफवालीला तो 'नाही' ओळखीचा होता. नळी काढल्यावर दुसऱ्या दिवशी खाटेवर पडल्या पडल्या तिनंही तो असाच, न अडखळता, उच्चारला होता.

"नक्की?" बाई म्हणाल्या. "रागवायला विचारत नाही. धुणं चालू राहिलं तर औषध घेऊनही हे परत उलटू शकतं. दर खेपेला नळ्यांवर व्रण पडतात. मग मूल राहायला अडचण येते, नाहीतर राहतं ते नळीतच."

"आईला तसंच झालं होतं," लेक म्हणाली. तिचा आवाज आता बारीक झाला होता. "नळीत राहिलेलं. तिच्या नशिबात दुसरं मूल नव्हतं. आमच्यात असेलच तसं काहीतरी. माझ्याही नशिबात..."

"नाही," वाफवाली म्हणाली.

दोघींनी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती. बसायला खुर्ची होती, पण ती बसली नव्हती.

"मॅडम, ती धुते. रोज दोनदा. अवजारांच्या औषधानं."

"आई!"

"मी शिकवलं तिला. लग्नाआधी. मापही मीच दिलं." ती पुढे म्हणाली, "मी पण धुवायचे. वीस-बावीस वर्षं. माझी नळी गेली तेव्हा मलाही विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या म्हणाल्या, "मावशी, तुमची नळी त्यानंच गेली, असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत. धोका वाढतो, एवढं सांगता येतं. हिचं अजून सगळं हातात आहे. वेळेवर आलीये."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते पुसायचं सोडून तिनं हात लांब केला आणि आईचं मनगट धरलं. तिचा हात तापानं पोळत होता.

"जाऊ दे गं," ती म्हणाली. "तू माझ्या भल्यासाठीच केलंस. तुला तरी कुठे माहीत होतं?"

बाई पुन्हा लिहायला लागल्या. बाहेर पुढचा नंबर पुकारला गेला. लेकीनं मनगट सोडलं नव्हतं. एवढ्यावर थांबता आलं असतं. कुणी आणखी काही विचारलं नव्हतं, आणि पुढे कधी विचारणारही नव्हतं.

"होतं," वाफवाली म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला माहीत होतं."