खड्ड्यात अडकलेलं वाक्य

तपासनीस दिवसभर लोकांच्या लिफ्ट तपासायचा. लिफ्टच्या मधोमध काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा आणि तळापासून गच्चीपर्यंत जायचं, ही त्याची पद्धत. थेंब सांडला की लिफ्ट नापास. मग बिल्डर डोकं आपटो नाहीतर हातापाया पडो, हा ढिम्म हलायचा नाही. "माणसाला धक्का बसता कामा नये," असं म्हणून तो उरलेलं पाणी पिऊन टाकायचा.

आणि हाच माणूस स्वतःच्या गाडीत जास्तीत जास्त धक्के कसे बसतील, या विवंचनेत महिनाभर झुरत होता. हौसेला मोल नसतं म्हणतात. अक्कल तरी असावी, पण तसं कुणी म्हणून ठेवलेलं नाही.

गाडी लाल, दोन सीटची, स्पोर्ट्स कार. इतकी बुटकी की तिच्यात बसायचं म्हणजे आधी वाकायचं आणि मग स्वतःला देवाच्या भरवशावर सोडून द्यायचं. असल्या गाड्या लोक रविवारी पुसण्यासाठी घेतात. तपासनीस मात्र तिने रोज कामाला जायचा, आणि सकाळी बाजूच्या सीटवर त्याचे वडील असायचे.

वडील रेडिओवरचे निवृत्त वृत्तनिवेदक. आता ते वाचनालयात जाऊन अंध मंडळींना वर्तमानपत्र वाचून दाखवत. घरात ते फारसं बोलत नसत. तिथे सून, नात, टीव्ही सगळ्यांनाच एकदम बोलायचं असायचं, आणि निवेदकाला मध्ये कुणी बोललेलं खपत नाही. गाडीत मात्र समोर रस्ता आणि शेजारी पट्ट्याने बांधलेला श्रोता. वाचनालय येईपर्यंत ते असे खुलत की बस. आई गेल्यापासून तपासनीसाला ती सकाळची वेळ इतकी हवीशी झाली होती, की सुट्टीच्या दिवशी चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. हे त्याने वडिलांना कधी सांगितलं नव्हतं. त्या घरात असलं काही सांगायची पद्धतच नव्हती.

त्याच सुमारास वडिलांनी नवी कवळी बसवली होती. दंतवैद्याच्या खुर्चीतच त्यांनी "संसदेचे विशेष अधिवेशन" असं तीनदा म्हणून पाहिलं, 'श' आणि 'ष' वेगवेगळे ऐकू आले, तेव्हाच ते उठले.

तर धक्क्यांचा विषय, म्हणजे गाडीचं सस्पेन्शन. फोनवर अशा गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप होता आणि त्यात एक गुरुजी होते. नुसत्या स्प्रिंगा बदलाव्यात की शॉक अब्सॉर्बरही, की स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र असलेला, कळ फिरवून कडक-मऊ करता येणारा जोड घ्यावा, यावरून तिथे भाऊबंदकीसारखी भांडणं चालत. शेवटी गुरुजी निकाल द्यायचे. "कंपनीचं सस्पेन्शन म्हणजे गादी," त्यांनी लिहिलं. "गाडी बोलली पाहिजे. रस्त्यात नाणं पडलं असेल तर छापा वर आहे की काटा, ते कमरेला कळलं पाहिजे."

तपासनीसाने हे बायकोला वाचून दाखवलं.

"गादी वाईट असते का?" ती म्हणाली. "आपण झोपतो कशावर?"

"तुला नाही कळायचं," तो म्हणाला. नवरा असं म्हणतो तेव्हा त्यालाही कळलेलं नसतं, हे तिला माहीत होतं. ती कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

जोड आला. मेकॅनिकने गाडी वर चढवली, बसवला आणि कळीला हात घालून विचारलं, "रोजची गाडी ना? बाजूला कोण बसतं?"

"वडील."

"मग मऊवर ठेवू?"

"कडक," तपासनीस म्हणाला. "असेल तेवढं कडक."

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील रंगात आले होते. "तेव्हा बातम्या थेट वाचायच्या," ते सांगत होते. "एकदा मी चष्मा घरी विसरलो. लाल दिवा लागला, आता बोलणं भाग. आणि मान वर करून बघतो तर काचेपलीकडे तुझी आई—"

पेट्रोल पंपापुढचा खड्डा आला. गाडीने तो जसाच्या तसा वर पोचवला. वडिलांच्या तोंडात खट्कन आवाज झाला. ते थांबले, खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला, आणि वाचनालय येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.

आईच्या आठवणीने गळा दाटला असेल, असं तपासनीसाला वाटलं. दुसऱ्या दिवशीही रुमाल, तेव्हा वाटलं, खर्चावरून रागावलेत. तिसऱ्या दिवशी त्याने धीर करून विचारलं, "बाबा, आई काचेपलीकडे काय करत होती?" वडिलांनी मोकळ्या हाताने समोरचा रस्ता दाखवला. पुढे बघ, असं. गाडी मात्र अखंड बोलत होती. गटाराचं झाकण, डांबराचं ठिगळ, टाचणीएवढा खडा, काही म्हणून लपवत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो शेजारच्या सीटवर चालला होता, आणि मारणारा पोटचा पोर होता.

त्याने ग्रुपवर लिहिलं, की बाजूला बसणारे बोलेनासे झालेत. गुरुजींचं उत्तर लगेच आलं. "शुभलक्षण. माणूस गप्प बसला की रस्ता ऐकू येतो."

त्याला रस्ता ऐकायचा नव्हता. एवढं मात्र त्याच्या आता पुरतं लक्षात आलं.

पुढच्या आठवड्यात तो एका दवाखान्याची लिफ्ट तपासायला गेला. ग्लास ठेवला, तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आत आल्या.

"हे काय मधेच?" त्यांनी ग्लासाकडे पाहत सुरू केलं. "माझ्या मुलीला मी कालच म्हटलं की—"

लिफ्ट हिसका देऊन निघाली. बाईंनी तोंडावर हात धरला. वरच्या मजल्यापर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या. लिफ्ट थांबल्यावर हात काढून त्यांनी वाक्य पुरं केलं, "—की काचेचा ग्लास जमिनीवर ठेवू नये."

"मधे थांबलात का?" तपासनीसाने विचारलं.

"कवळी हो. धक्का बसला की खडखडते. चारचौघांत शोभतं का ते? त्यापेक्षा मूग गिळून बसलेलं बरं."

बाई गेल्या. तपासनीस लिफ्टमध्येच उभा राहिला. कुणीतरी खालून बटण दाबलं, लिफ्ट त्याला घेऊन खाली आली, पुन्हा वर गेली. ग्लासाकडे बघायचं त्याला भान राहिलं नाही. ज्या माणसाने अख्ख्या आयुष्यात 'श' चा 'स' होऊ दिला नाही, त्याचं तोंड आपण एका खड्ड्यात बंद केलं, याची त्याला भयंकर लाज वाटली.

त्याच दुपारी तो गॅरेजमध्ये गेला. "जुनं सस्पेन्शन टाकून दिलंत का? हा जोड मऊवर ठेवूनही गादी व्हायचा नाही."

"टाकतो कशाला," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही लोक येताच परत."

संध्याकाळी त्याने काठोकाठ भरलेला ग्लास वडिलांच्या सीटवर ठेवला, ग्लासाभोवती टॉवेल गुंडाळून वर पट्टा लावला, आणि पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आला. थोडं पाणी सांडलं. लिफ्ट असती तर नापास केली असती. गाडीला त्याने काठावर पास केलं.

गुरुजींना त्याने सगळं कळवलं. ग्रुपवर गुरुजी म्हणाले, घोर अधःपतन. वेगळ्या मेसेजमध्ये म्हणाले, "आपल्यात ठेवा. रोज मी बायकोची गाडी नेतो. कंबर." लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सकाळी वडील सीटवर बसले आणि सवयीने रुमाल वर गेला. शाळेपुढचा गतिरोधक आला, गाडी हळूच वर जाऊन खाली आली. रुमाल थोडा उतरला. पेट्रोल पंपापुढचा खड्डा आला. गाडी नुसती हुंकारली.

वडिलांनी रुमालाची घडी घातली.

"—तुझी आई चष्मा घेऊन उभी," ते म्हणाले. "काचेला लावून धरलेला. लाल दिवा असताना दार उघडायची सोय नाही. मी हवामान मनानेच ठोकून दिलं. लख्ख ऊन पडेल म्हटलं."

"मग?"

"मग काय, धो धो पाऊस. भिजत घरी गेली बिचारी. आठवडाभर बोलली नाही माझ्याशी." ते खिडकीबाहेर बघत राहिले. "आपलं माणूस शेजारी बसून बोलत नाही ना, फार जड जातं."

"हो," तपासनीस म्हणाला. त्याला समोरचं नीट दिसेना, म्हणून त्याने वेग कमी केला.

वाचनालय आलं. वडिलांनी दाराला हात घातला आणि थांबले. "गाडी आज बरी चालतेय. नवीन काही बसवलंस का?"

"हो."

"महाग असेल."

"बरंच महाग पडलं, बाबा."

"असू दे," वडील उतरता उतरता खणखणीत आवाजात म्हणाले. "चांगल्या वस्तूला पैसे मोजावेच लागतात. ते आधीचं स्वस्तातलं होतं, मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."