टबातला सर्जन

"वय?" रिसेप्शनवरच्या फिरदोसने विचारलं.

"टाक कायतरी," रामहरी ब्रदर म्हणाला.

"कायतरी असा ऑप्शन नाही ना ब्रदर. वय टाकल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही."

रामहरीने हातातली प्लास्टिकची पिशवी उजेडाकडे धरली. आत तीन इंची निळाशार मासा होता. शेपूट पिवळी, आणि चेहऱ्यावर पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आलेल्या माणसाचे भाव. "बत्तीस लिही."

"स्त्री का पुरुष?"

"बत्तीसचा हाय म्हणजे पुरुषच असंल."

फिरदोसने तसं भरलं. नाव, नवीन मासा. पत्ता, समुद्र. पिनकोड मात्र सोलापूरचाच द्यावा लागला. एप्रिलपासून हॉस्पिटलात नियम झाला होता की केस नंबर असल्याशिवाय स्टोअरमधून कापसाचा बोळासुद्धा सुटणार नाही, आणि रामहरीला काय काय लागेल याचा नेम नव्हता. म्हणून शुक्रवारी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी मासा रीतसर ॲडमिट झाला.

हॉस्पिटल हाडांचं होतं. मोठ्या सरांनी सुरू केलं, ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, अजिंक्य सरांनी वाढवलं. मागच्या दिवाळीत सरांनी रिसेप्शनमध्ये खाऱ्या पाण्याची सहा फुटी टाकी बसवली, कारण समोरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गोड्या पाण्याची चार फुटी होती. समुद्र सोलापूरपासून तीन-साडेतीनशे किलोमीटर. तेव्हा तो इथेच करावा लागे: फिल्टरचं पाणी, पिशवीतलं खास मीठ, एक निळा पिंप आणि ढवळायला रामहरी. टाकी बसवणाऱ्या माणसाने सगळं शास्त्र एकदाच समजावलं होतं, शेजारी जो उभा होता त्याला. शेजारी रामहरी एका पेशंटचा एक्सरे घेऊन उभा होता. एकतीस वर्षं नर्सिंग केलेल्या माणसाच्या गळ्यात समुद्र पडला तो असा.

टाकीत नारंगी पट्टेरी मासे दोनच होते. प्लास्टर कापायच्या मशीनचा आवाज ऐकून आकांत मांडणारी पोरं त्या दोघांसमोर उभी केली की गप्प होत. रामहरीच्या मते हॉस्पिटलमधला तो सर्वांत कमी पगारातला आणि सर्वांत कामसू स्टाफ होता.

रविवारी नव्या मजल्याचं उद्घाटन होतं. त्यासाठी सरांनी तिसरा मासा मागवला. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना नस्तरासारखा काटा असतो म्हणून याला सर्जनफिश म्हणतात, एवढं दुकानदाराने फोनवर सांगितलं आणि सरांनी पुढचं काही विचारलं नाही. पुढचं दुकानदाराने रामहरीला सांगितलं: "महिनाभर वेगळा ठेवा हां. नवीन मासा काय घेऊन येईल, सांगता येत नाही. एकाचं सगळ्या टाकीला लागतं."

एक्सरे कॉम्प्युटरवर गेल्यापासून जुनी डार्करूम रिकामीच होती. तिथे रामहरीने पन्नास लिटरचा टब मांडला. हीटर, हवेची नळी आणि लपायला पाइपाचा तुकडा ठेवला. वेगळी जाळी, वेगळा मग, हात धुवायला वेगळा साबण. दारावर 'आत येऊ नये' असा कागद लावला. तो वाचून मायाक्का मावशी आत आली.

"समिंदर सोडून हितं आणायचं," कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "आन् मग आजारी म्हणून बाजूला बसवायचं. माणसं कमी पडलीत व्हय?"

"आजारी हाय का तेच बघतोय, मावशी."

"कसं कळायचं? बोलतंय व्हय त्ये?"

"बोलणाऱ्यांचं तरी कुटं कळतंय."

रामहरी स्टुलावर बसला, घड्याळ डोळ्यांसमोर धरलं आणि माशाचे श्वास, म्हणजे कल्ल्यांची उघडझाप, मोजू लागला. एक मिनिटाने त्याने कागदावर लिहिलं: १३२. पुन्हा मोजले: १४०. बाहेर जाऊन टाकीतल्या दोघांचे मोजून आला. त्यांचे ऐंशी-नव्वद होते.

इथे वॉर्डातली एक गोष्ट सांगायला हवी, जी नर्सिंगच्या पुस्तकात नाही. चार्टवर रकाने असतात: ताप, नाडी, बीपी, श्वास. पहिल्या तिघांना यंत्र आहे. श्वास मात्र घड्याळ धरून, पेशंटच्या छातीकडे बघत, पूर्ण एक मिनिट मोजावे लागतात, आणि वॉर्डात सुटं मिनिट कोणाकडे नसतं. म्हणून तिथे अठरा लिहितात. हे कोणी शिकवत नाही. पोहायला लागलेलं पोर पाणी पितं, तसं ते आपोआप येतं. रामहरीच्या अनुभवात बहुतेक आजारी माणसं मिनिटाला अठरा श्वास घेतात, आणि जी मरतात तीही शेवटच्या नोंदीपर्यंत अठराच घेत असतात.

अकरा वर्षांपूर्वी चार नंबरच्या खाटेवर कोंडीबा नावाचा माणूस होता. मांडीचं हाड मोडलेलं. सकाळी सहाला रामहरीने दारातूनच अठरा लिहिलं. कोंडीबा म्हणाला, "ब्रदर, जरा दम लागल्यागत होतंय." रामहरी म्हणाला, "च्या येतोय आता." साडेआठला कोंडीबा गेला. फुप्फुसात रक्ताची गाठ गेली होती. मोठ्या सरांनी चार्ट पाहिला, अठरा दिसलं, म्हणाले, "अचानक झालं." पंधरा दिवसांनी कोंडीबाची बायको सोजरबाई डबाभर शेंगाचटणी घेऊन आली. "लई केलं तुमी आमच्या मान्सासाठी," म्हणाली. ती चटणी रामहरीच्या घरी आठ दिवस पुरली. चांगली झाली होती.

तेव्हापासून रामहरी मोजतो. चौदा, बावीस, एकोणीस. तो रकाना कोणी वाचत नाही, हा भाग वेगळा.

शनिवारी दुपारी अजिंक्य सर डार्करूममध्ये आले. एका हातात ग्लोव्ह, दुसऱ्यात जाळी.

"ब्रदर, पेशंटला डिस्चार्ज द्या."

"सर, श्वास एकशे चाळीस हायत. भाईरच्या दोघांचे नव्वदच्या वर जात न्हाईत."

"ते कारकून आहेत. हा सर्जन आहे. सर्जनला टेन्शन असतंच." सरांनी मोबाइलचा टॉर्च टबात मारला. मासा कोपऱ्यात सरकला. "कुठे काय आहे? मी वाचलंय, परजीवी असले की पांढरे ठिपके येतात, रवा सांडल्यासारखे. एक तरी ठिपका दाखवा."

"ठिपके एका जातीचे सर. दुसरी जात काचंवानी असती. अंगाला, कल्ल्यांत चिकटून बसती. दिसत न्हाई."

"दिसत नाही, मग तुम्हाला कशी दिसली?"

"पाइपाला अंग घासून घेतोय. एक कल्ला मिटूनच धरतोय. आन् श्वास."

सरांनी मान हलवली. त्यांचं आयुष्य एक्सरेवर गेलं होतं. फिल्मवर नाही ते जगात नाही. "महिनाभर थांबू? हिप बदललेली आजी चौथ्या दिवशी चालत घरी जाते. उद्या पाहुणे येतायत, टाकीवर निळे लाइट लावलेत मी." मग त्यांनी रामहरीच्या खांद्यावर हात ठेवला. अर्ध्या चड्डीत असताना हेच सर त्याला काका म्हणत. एमएस होऊन आल्यापासून ब्रदर. "एवढं काय श्वासाचं? अठरा लिहा आणि सोडा."

सर हसले. वॉर्डातली ही गंमत सरांनाही ठाऊक आहे, हे रामहरीला त्या दिवशी कळलं.

"न्हाई," तो म्हणाला.

डार्करूम आठ बाय सहाची होती. एकतीस वर्षांत डॉक्टरला कधी न म्हटलेला शब्द मावायला ती अपुरी पडली. दारात येऊन थांबलेली मायाक्का पदर तोंडाला लावून उभी राहिली.

"काय नाही?"

"अठरा मी एकदा लिवलंय सर."

"कोणाला?"

"चार नंबरला."

सरांना काही उलगडलं नाही. ते तेव्हा कॉलेजात होते. रामहरीने त्यांच्या हातातली जाळी काढून घेतली. ओढून नव्हे, ऑपरेशननंतर कात्री घेतात तशी. "पाच मिनटं द्या. गोड्या पाण्यात धरतो. अंगावर कायबी असलं तर गोड्या पाण्यानं पांढरं पडून गळतंय. न्हाई गळलं, तर मी सोताच्या हातानं याला मोठ्या टाकीत सोडतो, आन् परत त्या टाकीला हात लावत न्हाई."

"आणि हा मेला तर?"

"तर माज्या नावावर."

फिल्म धुवायचा जुना काळा ट्रे त्याने सकाळीच घासून ठेवला होता. त्यात फिल्टरचं पाणी होतं, टबाइतकंच कोमट, चिमूटभर खायचा सोडा टाकलेलं. म्हणजे आज अशी वेळ येणार हे त्याने धरलेलंच होतं. ते सरांच्याही लक्षात आलं. मासा उचलताना जाळीतून काटा बाहेर आला आणि रामहरीच्या अंगठ्यावर सरळ, बारीक चीर पडली. सरांनी ती व्यावसायिक नजरेने पाहिली. "स्वच्छ कट आहे," म्हणाले. "टाका नको."

ट्रेमध्ये जाताच मासा आडवा झाला.

"मेलं की ओ ब्रदर!" मायाक्का ओरडली.

"न्हाई. घाबरलाय."

पहिलं मिनिट गेलं. काळ्या तळावर काही नव्हतं. दुसरं गेलं. मासा कडेवर पडूनच कल्ले उडवत होता. तिसऱ्या मिनिटाला सरांनी घड्याळ बघितलं आणि नुसतं "ब्रदर..." म्हणाले. रामहरीने मान वर केली नाही. त्याचे स्वतःचे श्वास त्या वेळी कोणी मोजत नव्हतं. मोजले असते तर त्यालाच ॲडमिट करावं लागलं असतं. आपण चुकलो असू, हा विचार त्याला पहिल्यांदाच आला. एका घाबरलेल्या जिवाचे भराभरा चाललेले श्वास, आणि अकरा वर्षं जुनी दुसरीच एक गोष्ट, असंही असू शकत होतं.

चौथ्या मिनिटाला माशाच्या डोळ्यामागे काहीतरी पांढरं झालं. ते सुटलं, गिरकी घेत खाली गेलं आणि काळ्या तळावर तिळासारखं दिसू लागलं. मग पोटाखालून एक. मग कल्ल्यातून दोन-तीन एकदम.

सर गुडघ्यांवर बसले. नवी पँट होती. "हे... हे अंगावरचं? आत्ता तर इथे काहीच नव्हतं."

"व्हतं."

सर बोट न लावता मोजू लागले. तेवीसपर्यंत गेले आणि थांबले. तोवर रामहरीने मासा परत खाऱ्या पाण्यात सोडला होता. मासा थोडा तिरका पोहला, मग सरळ झाला.

"हे मोठ्या टाकीत गेलं असतं तर?"

"गेलं असतं."

"आता किती दिवस?"

"महिना. औषध दोनदा घालावं लागंल. एकदा घातलं की मोठी मरत्यात, पण अंडी ऱ्हात्यात. ती फुटली की परत."

सर उठले. गुडघ्यांवर ओले डाग पडले होते. दाराशी जाऊन वळले. "ब्रदर, तुम्ही माझ्यावर ओरडलात."

"न्हाई सर."

"थोडे ओरडलात," सर म्हणाले आणि ओपीडीत गेले.

औषधाच्या काउंटरवर बिलालने चिठ्ठी उलटसुलट केली. "ब्रदर, ये तो पोटातल्या टेपवर्मची गोळी आहे. हाडाच्या पेशंटला कशाला? वजन किती पेशंटचं?"

"वजन बघायचं न्हाई. लिटर बघायचं. पन्नास."

"पन्नास लिटरचा पेशंट?" बिलालने केस नंबर टाकला. स्क्रीनवर नाव आलं. तो बराच वेळ वाचत राहिला. "वय बत्तीस," तो म्हणाला. "म्हणजे माझ्याएवढा." आणि गोळ्या कुटायला आपला खल काढून दिला.

रविवारी सकाळपासून बँड, फुलं, रांगोळी. निळ्या लाइटखाली दोघेच पट्टेरी मासे ड्यूटी करत होते. फीत कापायला आलेल्या पाहुण्यांनी टाकीपाशी थांबून विचारलं, "तुम्ही कुठला तो सर्जन मासा आणणार होता ना?"

"आलाय," अजिंक्य सर म्हणाले. "ॲडमिट आहे." पाहुणे मोठ्याने हसले. सर हसले नाहीत.

कार्यक्रमानंतर सगळ्या स्टाफचा फोटो निघायचा होता. मोठा करून नव्या मजल्यावर कायमचा लावणार होते. रामहरीच्या बायकोने त्याचा पांढरा ड्रेस आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता. तो घालूनच तो डार्करूममध्ये स्टुलावर बसला होता. औषधाला जवळजवळ एक दिवस होत आला होता. मासा पाइपाबाहेर आला होता आणि दोन्ही कल्ले उघडत होता.

फिरदोसने दार ढकललं. "ब्रदर, चला ना. सगळे उभे राहिलेत. सर विचारतायत."

रामहरीने मान न वळवता एक हात वर केला. एकतिसावा सेकंद चालला होता. मधेच सोडलं असतं तर पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं असतं.

फिरदोस मागे सरली. मग दार हळूच लोटून गेली.

भिंतीपलीकडून फोटोग्राफरचा आवाज आला. "मावशी, जरा आत सरका की. अजून. मधे एका माणसाची जागा मोकळी दिसतीय... हां. आता बसलं बरोबर."

रामहरीचे ओठ हलत राहिले. मिनिट पूर्ण झाल्यावर त्याने कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं: ९६.