आत की बाहेर

“चेंडू दिसला तर कुलूप लावीन,” पालिकेचे साहेब मैदानाच्या फाटकातूनच म्हणाले. “आणि सामना झाला नाही, तरी कुलूपच लावीन. आता काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.”

क्लबच्या चिटणिसांनी नाकावरून घसरलेला मास्क वर ओढला. त्यांचं सायकलचं दुकान होतं, आणि वाकडं झालेलं काहीही ठोकून सरळ करता येतं, यावर त्यांचा विश्वास होता.

“पळायला परवानगी आहे ना, साहेब?”

“अंतर ठेवून पळा. हवं तितकं. साथीत बंदी चेंडूला आहे.”

“मग आम्ही पळणार. करारात लिहिलंय, दर हंगामात इथं एक तरी सामना झाला पाहिजे, नाहीतर मैदान परत. बरोबर? त्यात ‘सामना’ आहे. ‘चेंडू’ हा शब्द कुठंच नाही. चष्मा लावून वाचलंय मी.”

साहेबांना हसू आलं नाही. ते मैदान त्यांना पालिकेचे ट्रक लावायला हवं होतं, आणि साथीमुळे ते आयतंच हाताशी आलं होतं.

“ठीक आहे. खेळा बिनचेंडूचं. पण गोल झाला की नाही, ते ठरवणार कोण? दोन्ही संघांचं एकमत पाहिजे. एक जरी भांडण झालं, तर तो सामना नव्हे, पोरखेळ. मग उद्यापासून इथं ट्रक.”

भांडण म्हटल्याबरोबर सगळ्यांच्या माना आपोआप गोलकडे वळल्या. तिथं ‘बाहेर’ उभा होता.

हे त्याचं टोपणनाव. पोटापाण्याला तो पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करायचा आणि इतकी वर्षं क्लबचा गोलकीपर होता. चेंडू मागं जाळीत लोंबकळत असला तरी हा दोन्ही हात वर करून ओरडणार, “बाहेर!” त्यावरून हातघाईवर आलेले सामने थोडे नव्हते. कुणी विचारलं तर म्हणायचा, “पंप असो नाहीतर गोल, गळती आपण कबूल केली की संपलंच.”

“बाबा रे,” चिटणीस त्याच्या जवळ, पण नियमात राहून, आले. “आज तेवढं तोंड आवर.”

“बाहेर गेला तर बाहेरच म्हणणार.”

“अरे, नसलेला चेंडू बाहेर जातोच कसा?”

“मग आत तरी कसा जातो?”

चिटणिसांनी कपाळाला हात लावला.

पण त्यांची खरी भीती वेगळीच होती. समोरच्या संघाचा पुढचा खेळाडू म्हणजे ‘बाहेर’चा सख्खा मेव्हणा. एके काळी भावोजी भावोजी करत गळ्यात पडणारा. गेल्या उन्हाळ्यात सासूबाई साथीत गेल्या. घर मैदानापलीकडे, हाकेच्या अंतरावर. बायको चपला घालून निघाली, तर हा दारात आडवा. “बाहेर पाऊल टाकायचं नाही.” ती रडली, भांडली, शेवटी पाया पडली. हा हलला नाही. गोलमध्ये उभा राहतो तसा हात पसरून चौकटीत उभा राहिला. भीतीनं राहिला की हट्टानं, ते त्याचं त्याला आणि वरच्याला ठाऊक. अनोळखी माणसांनी सासूबाईंना नेलं. गाडी मैदानाच्या कडेनं गेली, तेव्हा तिचा नुसता आवाज या घरात ऐकू आला.

तेव्हापासून बायको ताट वाढायची, बोलायची नाही. त्या सकाळी मात्र बोलली.

“भावाला मीच फोन केला. संघ घेऊन येतोय. तुमच्यासाठी नाही हं.”

“मग?”

“आईच्या खिडकीतून ते मैदान दिसायचं. तिथं ट्रक आलेले मला बघायचे नाहीत.”

चिटणिसांनी मास्कमुळे शिट्टीऐवजी सायकलची घंटी वाजवली आणि सामना सुरू झाला.

सुरुवात लाजण्यातच गेली. बाप्ये माणसं हवेला लाथा मारताहेत म्हटल्यावर आजूबाजूच्या गॅलऱ्यांतून टोमणे सुरू झाले. “अरे, वारा पास कर, वारा!” “हवा भरलीय का बघा त्यात!” पण खेळाची सवय ती सवय. हळूहळू सगळ्यांचे डोळे एकाच जागी वळायला लागले. ज्याच्या पायाशी तो, त्याच्या अंगावर माणसं धावून जायला आणि ठरलेल्या अंतरावर कचकन थांबायला लागली. शिव्या निघाल्या, ढोपरं फुटली. गॅलऱ्यांतले लोकही टोमणे विसरून चेंडूमागोमाग माना फिरवायला लागले. जे दिसत नाही ते इतक्या जणांना एकाच ठिकाणी दिसतं, तेव्हा ते नाहीच असं कुणी आणि कोणत्या तोंडानं म्हणावं?

सामना संपत आला होता. मेव्हणा मधून सुटला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, आणि आता पुढं फक्त ‘बाहेर’. मेव्हण्यानं डावा पाय रोवला. ‘बाहेर’नं उजवीकडे झेप घेतली, आणि अंग हवेत असतानाच त्याला कळलं. रोवलेल्या पावलाचा अंगठा दुसऱ्या कोपऱ्याकडे होता.

तो धुळीत आपटला. मागं जाळी हललीसुद्धा नाही.

“गोल!” मेव्हणा ओरडला.

“कसला गोल? खांबाला लागला!”

“अडवला त्यानं! ए, अडवलास ना रे? म्हण की बाहेर!”

मैदान वाचवायला आलेली ‘बाहेर’चीच माणसं मैदान विसरून घसा फोडत होती. साहेबांनी पिशवीतून साखळी काढली. चिटणिसांनी घंटीवर अंगठा ठेवून डोळे मिटून घेतले.

मेव्हणा गोलच्या रेषेपर्यंत आला आणि मास्क खाली ओढून म्हणाला, “बोल ना, गोलकीपर. म्हण बाहेर. दुसरा शब्द येतो का तुला? माझी बहीण पाया पडत होती, तेव्हाही तोच होता तुझ्या तोंडात.”

‘बाहेर’ उठला. कोपरातून रक्त येत होतं. त्याला मैदानापलीकडची सासूबाईंची खिडकी दिसली. तिची दारं लावलेली होती. मग त्यानं मेव्हण्याच्या डोळ्यांत पाहिलं.

“आत,” तो म्हणाला.

“काय?” साहेब ओरडले.

“आत गेला. डावीकडे, खालच्या कोपऱ्यात.” नजर मेव्हण्यावरून हलली नव्हती. “मी चुकीच्या बाजूला आडवा पडलो.”

“गद्दार!” त्याच्याच बचावपटूनं बूट काढून त्याच्या दिशेनं भिरकावला. “जन्मभर दुसऱ्याचा चेंडू बाहेर, आणि बायकोच्या भावाचा आत होय? पुन्हा या गोलमध्ये उभा राहा, मग बघतो!”

“राहू देणारच नाही आम्ही!” दुसरा म्हणाला.

चिटणिसांनी घंटी वाजवली, गरजेपेक्षा बराच वेळ वाजवली. आत गेला हे आता कुणीच नाकारत नव्हतं; साहेबांनी साखळी पिशवीत कोंबली. “पुढच्या हंगामात मी इथंच आहे,” असं म्हणून ते निघाले.

माणसं पांगायला लागली. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. ‘बाहेर’ मात्र वळून जाळीत शिरला. डावीकडच्या कोपऱ्यात वाकला. दोन्ही हातांनी चेंडू उचलला, शर्टाला पुसला आणि मेव्हण्याच्या समोर, ठरलेल्या अंतरावर, मातीत अलगद ठेवला. मग मागं सरला.

मेव्हणा हाताला हात लावणार नव्हता, आणि लावायची परवानगीही नव्हती. मास्क वर ओढला आणि फाटकाकडे चालू लागला. वाट सरळ त्या जागेवरूनच होती.

तिथं तो थबकला, आणि बाजूनं वळसा घेऊन गेला.