इंजिनरूमचं दार

समुद्रतळाशी माशांना आसरा म्हणून बुडवायचं ते जुनं मालवाहू जहाज यार्डात आलं, तेव्हा गॅस कटर चालवणाऱ्या ताईने इंजिनरूमचं काम मुकादमाकडून मागून घेतलं. तिच्या धाकट्या भावाचा जीव तिथेच गेला होता. आग लागल्यावर कॅप्टनने दार बंद करून आत आग विझवणारा, पण माणसाला गुदमरवणारा वायू सोडायला लावला होता. आतून कोणीतरी दार बडवतंय, असं स्वयंपाकी सांगत होता, तरीही. चौकशीत कॅप्टन म्हणाला, आत कोणी आहे हे मला ठाऊकच नव्हतं. जहाज वाचवलं म्हणून त्याचा सत्कार झाला. भाऊ घरी आला तो पेटीतून.

ताईने उरलंसुरलं तेल उपसलं, केबली ओढून काढल्या, ओशट फरशी खरवडली. मग माशांना ये-जा करता यावी म्हणून शेजारच्या गोदामाकडची भिंत माणूस सहज जाईल एवढी कापली. ठिणग्या पलीकडे उडू नयेत म्हणून टांगलेली जाड ताडपत्री तिने तशीच ठेवली.

जहाज बुडवायचं बटण कॅप्टनच दाबणार होता. आदल्या दिवशी तो इंजिनरूम बघायला आला आणि मुकादमाने ताईलाच सोबत धाडलं. कॅप्टन आत शिरला. तिने बाहेरून दार लावून कड्या आवळल्या.

आधी तो दरडावत होता, मग विनवू लागला. ती दाराला पाठ टेकून बसली. प्रत्येक धक्का तिला पाठीत जाणवत होता.

"आत कोणी आहे का?" तिने विचारलं.

"मी आहे! उघड, बाई!"

"मला तर काही ऐकू येत नाही."

बडवणं थांबलं. "मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. "दार उघडलं असतं तर सगळेच गेले असते."

"मग चौकशीत तसं का नाही सांगितलंत?"

ती उठून दाराकडे वळली.

"मागे ताडपत्री आहे. ती उचला आणि या बाहेर. माझ्या भावाला तेवढीही वाट नव्हती."

तो गुडघ्यांवर रांगत गोदामात आला. त्याने कुणाकडे तक्रार केली नाही, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबायलाही आला नाही.

जहाज बुडाल्यावर ताईने घरी आईला सगळं सांगितलं. आई भाजी निवडत होती.

"बराच वेळ बडवत होता का?"

"हो."

आईने एक किडकं पान बाजूला टाकलं. "अजून थोडा वेळ ठेवायचास," ती म्हणाली.