शेवटच्या खुंटीवरची पाटी

मित्रांनो, मी बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची पाटी आहे, आता बरीच जुनी झालेली. वीतभर लांब, चार बोटं उंच, आणि अंगावर काळ्या शाईत एकच नाव : देवदत्त. जर्मनीत, ड्रेस्डेनमधल्या एका शाळेच्या व्यायामशाळेत बारा खुंट्या आहेत. तिथे दर शनिवारी सकाळी सुमो कुस्तीचा क्लब भरतो. जो सगळ्यांत भारी, त्याची पाटी पहिल्या खुंटीवर, खिडकीजवळ. बाकीच्यांच्या त्यामागे, ज्याच्या त्याच्या पायरीने.

मला दोन भोकं आहेत, एक वर आणि एक खाली. खालचं भोक ही चूक आहे. क्लबचे उस्ताद उवे यांनी मोडक्या बाकाच्या फळीतून मला कापलं. देवदत्तने कुंचल्याने आपल्या अक्षरांत नाव लिहिलं. मग उवेंनी भोक पाडून मला टांगलं, ते उलटं.

“रेष खालीच असणार ना?” उवे म्हणाले. “अक्षरं रेषेवर उभी राहतात.”

“तुमची राहतात. आमची रेषेला लोंबकळतात,” देवदत्त हसला. मग वर दुसरं भोक पडलं.

देवदत्त कॉम्प्युटरच्या चिपांच्या कारखान्यात इंजिनियर. लहानपणी सांगलीकडच्या तालमीत माती अंगाला लावलेला गडी. सुमोत तो सहा वर्षं पहिला राहिला. सहा वर्षं सकाळचं ऊन आधी माझ्यावर पडायचं, मग भिंतीवर.

मग हृषिकेश आला. साताऱ्याचा, इथल्या विद्यापीठात पीएचडीला. त्याला क्लबात देवदत्तनेच आणलं, आपल्या डब्यातली पोळी खाऊ घातली, पाय कसा रोवायचा ते दाखवलं. दीड वर्षात त्या पोराने देवदत्तला रिंगणाबाहेर ढकललं. इथला नियम असा की हरलेल्याने स्वतःच्या हाताने पाट्या बदलायच्या. देवदत्तने बदलल्या.  त्याचे हात थंड होते, एवढंच.

“दादा, सॉरी,” हृषिकेश म्हणाला.

“सॉरी काय, गाढवा! पाय सरळ ठेवलास, म्हणून जिंकलास.”

त्यानंतर मी तिसरी झाले, पाचवी झाले, आठवी झाले. लाकडाला दुखत नाही, मित्रांनो. खुंटी बदलली की पाठीमागची भिंत बदलते, इतकंच.

पहिली माझी खुंटी, उन्हाच्या खिडकीपाशी,
आठवी माझी खुंटी, ओल्या गं भिंतीपाशी.

उवे एकदा त्याला म्हणाले, “जपानात सगळ्यांत वरचा मल्ल, योकोझुना, खाली उतरतच नाही. हरायला लागला की निवृत्त होतो. त्याच्या खालचा मात्र घसरतो, तरी खेळत राहतो. त्याला तशी मुभा आहे.”

“मग बरं झालं,” देवदत्त गुडघ्याला बर्फ लावत म्हणाला, “मी योकोझुना नाही.”

त्याची बायको कादंबरी कधी त्याला न्यायला यायची. “सत्तेचाळीस वर्षांचा आहेस! डॉक्टरांनी गुडघ्याचं काय सांगितलंय? सोड आता.”

“हो, हो. सोडतो. मग या वजनाचं काय करू?”

सांगून ऐकत नाही, तेव्हा मानाने उतरवू, असं तिने ठरवलं. एका शनिवारी ती शाल आणि नारळ घेऊन आली. नारळ आशियाई दुकानातला, शेंडी नसलेला. हृषिकेश चार शब्द बोलला, आधी मराठीत, मग जर्मनमध्ये : दादांनी खूप दिलं, आता दादांनी आराम करावा. कादंबरीने देवदत्तच्या खांद्यांवर शाल घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

उवेंना शाल कळली नाही, नारळ तर नाहीच. आराम तेवढा कळला. क्लब सोडणाऱ्याची पाटी त्याच्या हाती द्यायची, हा त्यांचा नियम. त्यांनी मला खुंटीवरून काढलं, बाहीने पुसलं आणि देवदत्तच्या हातात ठेवलं. एका हातात नारळ, एका हातात मी. त्याने दोघांकडे सारखंच पाहिलं.

“थँक्यू,” तो म्हणाला.

घरी मला काचेच्या कपाटात नारळाशेजारी ठेवलं. तीन शनिवार गेले. तिन्ही सकाळी देवदत्त बाल्कनीत बसून राहिला. चहा तसाच गार.

“रागावलायस का?” कादंबरीने विचारलं.

“नाही.”

“मग बोल ना काहीतरी.”

“काही वाटतच नाहीये, तर काय बोलू?” मग तो पुढे म्हणाला, “कारखान्यात डोक्यापासून पायांपर्यंत पांढरा पोशाख. फक्त डोळे दिसतात. हातात दोन-दोन मोजे. ट्राममध्ये लोक माफी मागून बाजूला होतात. आठवड्यात मला कुणाचा साधा धक्का लागत नाही, कादंबरी. शनिवारी तो हृष्या छातीवर आदळतो ना, तेव्हा कळतं की मी इथे आहे.”

“पण तू हरतोस.”

“हो. हरताना जास्त कळतं.”

 ती उठली, कपाट उघडलं, नारळ आत नेला आणि ओट्यावर हातोडीने फोडला. “चटणी करते,” ती आतूनच म्हणाली. “पाटी पिशवीत टाक. आणि गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय रिंगणात पाय ठेवायचा नाही. तर मग, ही माझी अट.”

चौथ्या शनिवारी उवेंनी मला हातात घेतलं. “गेलेला परत आला तर शेवटची खुंटी. चालेल?”

“चालेल.”

“रेष वर, गेनाऊ, बरोबर ना?”

“गेनाऊ.”

मित्रांनो, आता मी बाराव्या खुंटीवर, झाडूशेजारी असते. इथे ऊन पोचत नाही. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. थकलेल्या माणसाची काळजी जरूर घ्या, त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधा, शालही घाला. पण आधी त्याला विचारा. त्याचं नाव खुंटीवरून त्याचं त्यालाच उतरवू द्या.

त्या चौथ्या शनिवारीही तो हरला. हृषिकेशने त्याला ढकलत नेलं, आणि एवढा मोठा देह रिंगणाबाहेर येऊन या भिंतीवर आदळला. भिंत हलली. लाकडाला दुखत नाही असं मी म्हटलं होतं खरं. पण त्या धक्क्याने मी खुंटीवर दोनदा हलले, आणि थांबले तेव्हा रेष वरच होती.