नोटीस उठल्याची खात्री

माझ्यावरची आंतरराष्ट्रीय पोलिसांची नोटीस उठली आणि मी परतलो, तेव्हा विमानतळाच्या भिंतीवरचा माझा फोटो खाली उतरला, शर्ट झटकला आणि रांगेत माझ्यापुढे उभा राहिला.

सहा वर्षं तो तिथे टांगलेला होता. गोदाम जाळलं मालकाने आणि फरार म्हणून फोटो लागला माझा. परदेशात होतो तिथेच अडकलो. वडील गेले तेव्हाही येता आलं नाही. तो राग अजून माझ्या घशात आहे.

वकिलाचा निरोप आला की नोटीस उठली. पण तसं लिहून कुणी देत नाही. विमानात बसायचं, उतरायचं, आणि पासपोर्ट तपासणीच्या खिडकीवर कुणी धरलं नाही तर उठली असं समजायचं. ही म्हणे खात्री करायची पद्धत.

काचेच्या दारापलीकडे आई उभी होती. एका हातात भाकरतुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. हे खरं तर घराच्या उंबऱ्यावर करायचं. पण ती फोनवर हट्टाला पेटली होती. "सहा वर्षांची दृष्ट आहे, धनू. ती गाडीत बसवून घरी न्यायची नाही. मी तिथेच ओवाळून टाकणार."

खिडकीत उपळेकर नावाचे अधिकारी होते. त्यांनी फोटोकडे पाहिलं, मग संगणकाच्या पडद्याकडे.

"सुधन्वा कोरडे?"

"हो," फोटो म्हणाला.

"नोटीस उठली आहे. जा."

शिक्का बसला. फोटो चालू लागला. मी ओरडलो, "अहो, सुधन्वा कोरडे मी आहे!"

"ते आत्ताच गेले."

"तो फोटो आहे!"

"फोटोच लावला होता. तो सुटला. तुम्ही काय केलं होतं?"

"काही नाही! मी काहीच केलं नव्हतं!"

"मग तुमचं काय उठवायचं?" उपळेकरांनी शांतपणे विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काउंटरवर मूठ आपटली. आवाज झाला नाही, कारण मूठ कागदासारखी चपटी झाली होती.

"भिंतीवरची जागा मोकळी ठेवता येत नाही," ते म्हणाले.

दोन्ही बाजूंच्या भिंती सरकत माझ्या खांद्यांना लागल्या. पाठीमागे सगळं पांढरं झालं. "समोर बघा. कान दिसू द्या. दात नकोत." मी शिवी द्यायला तोंड उघडलं होतं. ते त्यांनी बोटाने मिटवलं.

काचेचं दार उघडलं. फोटो आईपुढे जाऊन उभा राहिला. त्याचे केस काळे होते. माझे केव्हाच पिकले आहेत.

"अगदी होतास तस्साच आहेस रे," आई म्हणाली आणि रडायला लागली.

आई, इकडे बघ, मी इथे आहे, असं मी मिटल्या तोंडाने किंचाळत होतो.

तिने भाकरतुकडा त्याच्यावरून ओवाळला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि तुकडा जोरात लांब भिरकावला. टाकल्यावर मागे वळून बघायचं नसतं. दोघांनीही बघितलं नाही. ती त्याचा दंड धरून गाडीकडे चालू लागली.

तुकडा दारातून आत आला आणि घरंगळत माझ्या भिंतीखाली येऊन थांबला. मी त्याला लाथ मारायला गेलो, पण मी फक्त छातीपर्यंतच होतो.