सातवा हात

शाळा समितीत सात सदस्य होते आणि त्यांतला सातवा सुतार. पालकांनी त्याला निवडून दिलं, कारण हा माणूस कुणाचं तोंड बघून बोलत नाही. त्याची धाकटी बहीण समितीच्या सगळ्यात लहान शाळेत बावीस वर्षं शिकवत होती. शाळेत मुलं उरली होती एकतीस. बैठकीपुढे प्रश्न होता, ही शाळा बंद करून मुलं महामार्गापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायची का.

"दादा, तुझं मत तर घरचंच," बहीण म्हणाली होती. तोही हसला होता.

बैठकीच्या आदल्या दिवशी तो वर्गाचं घासणारं दार तासायला शाळेत गेला. काम उरकल्यावर, आलोच आहोत तर बघू, म्हणून शिडी लावून माळ्यावर चढला. छपराची मुख्य तुळई वरून ठणठणीत दिसत होती. त्याने पटाशी टेकवून जरासा जोर दिला, तर ती मुठीपर्यंत आत गेली. खाली मुलं पाढे म्हणत होती. तेराचा पाढा संपेपर्यंत तो तसाच वाकून बसला.

खाली उतरून त्याने बहिणीला बाजूला घेतलं. "तुळई आतून पार पोकळ झालीय."

"मग बदल की! सुतार कशाला झालास?"

"उद्या तेच मागतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बसायला जागा नव्हती. सुताराने उठून तुळईचं सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला.

"दुरुस्ती आजच्या विषयपत्रिकेत नाही. शाळा चालू ठेवायची की बंद करायची, एवढंच बोला."

"मग बैठक पुढे ढकला."

"तीनदा ढकलली."

"सामान माझं, मजुरी माझी. फुकट करतो."

"सदस्याला समितीचं काम घेता येत नाही. फुकटही नाही. नियम आहे."

चालू ठेवायला तीन हात वर झाले. बंद करायला तीन. सगळ्या माना सुताराकडे वळल्या. बहीण तिसऱ्या रांगेत पालकांमध्ये बसली होती. पाठांतरात अडलेल्या मुलाला धीर द्यावा तशी तिने हळूच मान हलवली. त्याने खाली बघितलं आणि बंद करण्याच्या बाजूने हात वर केला.

"विकला गेला!" मागून कुणीतरी ओरडलं. बहीण ओरडली नाही. पिशवी उचलून ती निघून गेली.

शाळेला कुलूप लागलं. एकतीसपैकी चोवीस मुलं मोठ्या शाळेत गेली. बाकीची कुठे पांगली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. दोन मुली मात्र धाकट्या भावंडांना सांभाळत घरीच राहिल्या. बहिणीची बदली लांब झाली. दोन बस बदलून जायचं म्हणून ती उजाडायच्या आत घर सोडायची.

पावसाळा गेला, एक वादळही येऊन गेलं. छप्पर जागचं हललं नाही.

"काय सुतार, पडलं का छप्पर?" नाक्यावर लोक विचारायचे. पडावं एकदाचं, असं त्याच्या मनात यायचं आणि मग त्याची त्यालाच लाज वाटायची.

सहा महिन्यांनी तो बहिणीकडे गेला. तिने दार उघडलं, पाणी दिलं आणि पुन्हा वह्या तपासायला बसली.

"कुलूप लावायच्या आधी मी माळ्यावर चढले होते," ती मान वर न करता म्हणाली. "हाताने भुगा निघाला."

सुताराच्या जिवात जीव आला. "मग बोलत का नाहीस माझ्याशी?"

"तू चुकला असतास तर भांडले असते रे. भांडून मोकळी झाले असते." तिने वही मिटली आणि दुसरी ओढली. "आता कुणाशी भांडू?"

त्याने पाण्याचा पेला खाली ठेवला. गठ्ठ्यातल्या वह्यांवरची सगळी नावं अनोळखी होती. मग पायात चपला सरकवून तो निघाला. 'बस जरा' असं ती म्हणाली नाही.